आकाशाचा सातबारा कोणाच्या नावे?

महाराष्ट्र शासनाने ५ नोव्हेंबर २०२५ रोजी स्टारलिंक या अमेरिकी कंपनीशी उपग्रहाधारित इंटरनेट सेवेसाठी इरादापत्रावर स्वाक्षऱ्या केल्या आणि असे पाऊल उचलणारे ते देशातील पहिले राज्य ठरले. गडचिरोली, नंदुरबार, धाराशिव आणि वाशीम या जिल्ह्यांतील शासकीय संस्था, ग्रामीण वस्त्या व महत्त्वाच्या सार्वजनिक सुविधा यांना या सेवेने जोडण्याचा हा संकल्प आहे. त्यानिमित्ताने दरांची चर्चा झाली, देशाच्या सुरक्षिततेचे प्रश्न विचारले गेले, स्पर्धक कंपन्यांचे काय होणार याचेही आडाखे बांधले गेले. ज्या उपग्रहांच्या बळावर ही सेवा मिळायची, ते मात्र महाराष्ट्राच्या डोक्यावरून कितीतरी आधीपासून फिरत आहेत. ते पाहण्यासाठी कोणत्याही परवान्याची गरज नाही. सीवूड्समधल्या एखाद्या इमारतीची गच्ची, पन्नास मिलिमीटर भिंगाची साधी द्विनेत्री आणि सूर्यास्तानंतरचा तास-दीड तास एवढ्या भांडवलावर हे काम होते.

डोक्यावरून जाणारे उपग्रह टिपण्याचा छंद तसा जुना आहे. गेल्या काही वर्षांत मात्र त्याला नागरिकशास्त्राची बाजू आली आहे. पृथ्वीभोवतीच्या कक्षांत कोण काय पाठवतो आहे, याची सामान्य माणसाला स्वतःच्या डोळ्यांनी करता येण्याजोगी ही जवळजवळ एकमेव पडताळणी. ती केली असता एक गोष्ट लक्षात येते. आकाश भराभर वाटून दिले जात आहे आणि या वाटपात खाली राहणाऱ्यांचे म्हणणे नोंदवण्याची सोय आपल्या व्यवस्थेत अद्याप नाही.

खाडीकाठचा दीड तास

सीवूड्स हे काही तारे पाहण्याचे नामांकित ठिकाण नव्हे. पश्चिमेला ठाणे खाडीपलीकडे मुंबईचा उजेड, नैऋत्येला अटल सेतूच्या दिव्यांची रांग, पूर्वेला बेलापूर-खारघरच्या इमारती आणि त्याच अंगाला २५ डिसेंबर २०२५ पासून प्रवासी वाहतूक सुरू झालेला नवी मुंबईचा विमानतळ. अशा आकाशात उघड्या डोळ्यांना तिसऱ्या प्रतीपलीकडचा तारा क्वचितच दिसतो. खगोलशास्त्रात प्रतीचा आकडा जितका मोठा, तितका तारा मंद असे उलटे गणित आहे. पामबीच मार्गालगत कांदळवनाच्या बाजूला थोडाफार अंधार उरला आहे. तेथे द्विनेत्री डोळ्यांना लावली की सातव्या प्रतीच्या आसपासचे बिंदूही दिसू लागतात. शहरी आकाशात द्विनेत्रीचे महत्त्व आहे ते यामुळे. ती नसेल तर बहुतेक उपग्रह शहरवासीयांच्या दृष्टीने नसल्यातच जमा असतात.

उपग्रह स्वतः प्रकाशत नाहीत. त्यांच्यावर पडलेले ऊन आपल्याला दिसते. म्हणून खाली अंधार आणि वर ऊन, अशी संधी साधावी लागते. साडेपाचशे किलोमीटर उंचीवरचा उपग्रह ऐन डोक्यावर असेल, तर सूर्य क्षितिजाखाली सुमारे तेवीस अंश जाईपर्यंत त्याच्यावर ऊन असते. सीवूड्स एकोणीस अंश उत्तर अक्षांशावर आहे. येथे सूर्य मावळताना तिरका न रेंगाळता जवळजवळ सरळ खाली उतरतो आणि ते तेवीस अंश तो पाऊणेदोन तासांच्या आतच ओलांडतो. पहाटेही सूर्योदयापूर्वी तितकाच अवधी मिळतो. उत्तर युरोपात उन्हाळ्याच्या दिवसांत सूर्य क्षितिजाखाली फार खोल जातच नाही, त्यामुळे तेथे रात्रभर उपग्रह चमकत राहतात. शिवाय त्रेपन्न अंशांच्या कलाच्या कक्षांतले उपग्रह त्या अक्षांशांच्या आसपास अधिक दाटीने असतात. त्या मानाने कोकणपट्टीच्या वाट्याला ही गर्दी कमी आली आहे. मध्यरात्रीचे आकाश येथे अजून बरेचसे ताऱ्यांचेच आहे.

विमान आणि उपग्रह यांत घोटाळा होण्याचा संभव मोठा. दोन विमानतळांच्या मधल्या आकाशात तर फारच. विमानाचे दिवे लुकलुकतात, त्यांत लाल-हिरवा रंग असतो आणि द्विनेत्रीतून पाहिले की त्याचा आकारही कळतो. उपग्रह हा संथ, एकसारख्या प्रकाशाचा बिंदू असतो. तो पूर्वेकडे सरकत असताना क्षितिजाला पोहोचण्याआधीच मंदावत जाऊन नाहीसा झाला, तर तो पृथ्वीच्या सावलीत शिरला असे समजावे. काही बिंदू ठरावीक अंतराने उजळतात आणि मालवतात; ते बहुधा कामातून गेलेल्या अग्निबाणांचे गडगडत फिरणारे सांगाडे असतात. अवकाशातला कचरा हा शब्द वर्तमानपत्रांत पुष्कळदा येतो. तो प्रत्यक्ष कसा दिसतो, हे या लुकलुकत्या सांगाड्यांवरून कळते.

द्विनेत्रीत गतीवरून उंचीचाही अंदाज बांधता येतो. साध्या द्विनेत्रीचे दृष्टिक्षेत्र सुमारे साडेसहा अंशांचे असते. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक चारशेहून थोड्या अधिक किलोमीटरवरून जाते. डोक्यावर असताना ते हे क्षेत्र सहा-सात सेकंदांत ओलांडते. साडेपाचशे किलोमीटरवरील स्टारलिंकच्या उपग्रहाला आठ-नऊ सेकंद लागतात, तर बाराशे किलोमीटरवरील वनवेबच्या उपग्रहाला जवळपास वीस. एखाद्या ओळखीच्या ताऱ्याजवळून बिंदू गेला त्या क्षणाची नोंद सेकंदापर्यंत करून ठेवली, तर तो कोणता उपग्रह होता हे नंतर संगणकावर ताडून पाहता येते. या छंदाचे सारे शास्त्र घड्याळ, नकाशा आणि चिकाटी यांत सामावलेले आहे. पावसाळ्याचे चार महिने मात्र तो बंदच राहतो. शुभांशु शुक्ला २६ जून २०२५ रोजी अवकाश स्थानकावर पोहोचले आणि १५ जुलैला परतले. त्या काळात स्थानक पाहण्याची उत्सुकता देशभर होती, पण मुंबई-कोकणावर ऐन आषाढाचे ढग होते.

हौशी नजरेची कामगिरी

हा छंद निरुपद्रवी वाटला, तरी त्याचा इतिहास तसा नाही. ४ ऑक्टोबर १९५७ रोजी स्पुटनिक आकाशात गेला, त्याआधीच अमेरिकेत स्मिथसोनियन खगोलभौतिकी वेधशाळेने फ्रेड व्हिपल यांच्या पुढाकाराने ‘मूनवॉच’ ही स्वयंसेवकांची मोहीम उभी केली होती. शाळा-महाविद्यालयांतले विद्यार्थी, शिक्षक, नोकरदार लहान दुर्बिणी लावून रांगेने बसत आणि बिंदू दिसला की वेळ टिपत. त्याच वेधशाळेने जगभर बारा ठिकाणी खास कॅमेरे बसवले, त्यांतला एक भारतात नैनितालला होता. म्हणजे उपग्रहयुगाच्या आरंभापासून आकाशावर नजर ठेवण्याच्या कामात सामान्य नागरिकही होते आणि भारतही होता.

पुढे लष्करी उपग्रहांची संख्या वाढली, तशी अमेरिकेने आपल्या गुप्त उपग्रहांच्या कक्षा जाहीर यादीतून वगळल्या. कागदावरून वगळलेला उपग्रह आकाशातून मात्र वगळता येत नाही. कॅनडातील टेड मोल्झन यांच्यासारख्या हौशी निरीक्षकांनी द्विनेत्री आणि थांबघड्याळ यांच्या साहाय्याने अशा उपग्रहांच्या कक्षा काढून दाखवल्या. फेब्रुवारी २००८ मध्ये अमेरिकेने आपलाच निकामी झालेला टेहळणी उपग्रह क्षेपणास्त्राने पाडला, तेव्हा त्याच्या कक्षेची माहिती या मंडळींकडे होती. ऑगस्ट २०१९ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी इराणच्या एका प्रक्षेपण तळाचे छायाचित्र प्रसिद्ध केले. ते कोणत्या गुप्त उपग्रहाने घेतले असावे, हे नेदरलँड्समधील मार्को लाँगब्रुक यांनी व त्यांच्यासारख्या अभ्यासकांनी सावल्या आणि कक्षा जुळवून शोधून काढले. सत्तेला जे लपवायचे असते ते उन्हात असेल तर दिसते, हा या छंदाने शिकवलेला धडा आहे.

महाराष्ट्रातही आकाशनिरीक्षणाची परंपरा भक्कम आहे. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून काम करते. मुंबईतील खगोल मंडळाची मंडळी गेली अनेक वर्षे वांगणीला रात्रभराचे कार्यक्रम करत आली आहेत. दोन हजारच्या दशकात या कार्यक्रमांत ‘इरिडियम’ उपग्रहांच्या झळाळीचे मोठे आकर्षण असे. त्या उपग्रहांच्या आरशासारख्या अँटेनांवरून ऊन परावर्तित झाले की काही सेकंद शुक्राहूनही तेजस्वी असा प्रकाश पडे, आणि तो कोणत्या मिनिटाला, आकाशात कोठे पडणार हे आधी सांगता येई. बरोबर त्या मिनिटाला तो दिसला की नवख्यांच्या तोंडून आश्चर्योद्गार निघत. २०१७ नंतर ते जुने उपग्रह खाली उतरवले गेले आणि तो खेळ जवळजवळ संपला. त्या काळी कृत्रिम उपग्रह दिसणे ही क्वचित घडणारी, म्हणून हवीहवीशी घटना होती. परिस्थिती उलटली ती त्यानंतर.

दोन हजारांवरून कित्येक हजारांवर

२०१९ च्या आरंभी पृथ्वीभोवती कार्यरत असलेल्या सर्व देशांच्या मिळून उपग्रहांची संख्या सुमारे दोन हजार होती. त्या वर्षीच्या २४ मे रोजी स्टारलिंकचे पहिले साठ उपग्रह एकदम सोडण्यात आले आणि काही तासांतच आकाशात चालत्या आगगाडीसारखी बिंदूंची माळ दिसल्याच्या बातम्या आल्या. २०२५ च्या अखेरीस एकट्या स्टारलिंकच्याच कार्यरत उपग्रहांची संख्या नऊ हजारांच्या पुढे गेली होती. चीनचे, ॲमेझॉनचे आणि इतरांचे उपग्रह-समूह त्याखेरीज. २०१९ च्या आरंभी सर्व राष्ट्रांचे मिळून जितके उपग्रह कार्यरत होते, त्याच्या अनेक पट एका खासगी कंपनीने सहा-सात वर्षांत उभे केले.

आकाशात काय चालले आहे हे लोकांना कोणी सांगितले नाही, तर त्यांच्या मनात काय येते याचे प्रात्यक्षिक डिसेंबर २०२१ मध्ये पठाणकोटला मिळाले. दिव्यांची सरळ रांग आकाशातून सरकताना पाहून तेथे तर्कवितर्कांना ऊत आला. सीमेवरचे शहर, तेव्हा ते साहजिकही होते. ती स्टारलिंकची नुकतीच सुटलेली माळ होती. द्विनेत्रीची आणि वेळापत्रकाची सवय असलेल्या निरीक्षकाला हे पाच मिनिटांत सांगता आले असते.

कंपन्यांनी काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. खगोलशास्त्रज्ञांनी ओरड केल्यावर स्टारलिंकने जानेवारी २०२० मध्ये काळ्या लेपाचा उपग्रह सोडून पाहिला, त्याच वर्षी उन्हापासून आडोसा देणारे छज्जे बसवले आणि पुढे प्रकाश पृथ्वीपासून दूर वळवणारे पृष्ठभाग वापरले. जानेवारी २०२३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानशी झालेल्या करारात उपग्रह सातव्या प्रतीइतके मंद करण्याचे उद्दिष्ट नोंदवले गेले. सातवी प्रत म्हणजे उघड्या डोळ्यांच्या मर्यादेपलीकडचा उपग्रह. सामान्य माणसाचे आकाश त्यामुळे दिसायला पूर्ववत राहते. अडचण अशी की, मंद झालेला उपग्रह वेधशाळेच्या दुर्बिणीला तरीही दिसतोच आणि सामान्य माणसाच्या नजरेतून तो गेला की त्याविषयीचा प्रश्नही जातो. सीवूड्सच्या गच्चीवरची द्विनेत्री बरोबर या सीमेवर उभी आहे. उघड्या डोळ्यांना रिकामे भासणारे आकाश रिकामे नाही, हे ती दाखवून देते.

दुसरीकडे, मोठे आणि तेजस्वी उपग्रहही येत आहेत. एएसटी स्पेसमोबाइल या कंपनीच्या ‘ब्लूवॉकर ३’ या २०२२ साली सोडलेल्या उपग्रहाची अँटेना चौसष्ट चौरस मीटरची होती आणि तो काही वेळा आकाशातल्या सर्वांत तेजस्वी ताऱ्यांच्या पंक्तीला जाऊन बसला. त्याच कंपनीचा, सुमारे दोनशे तेवीस चौरस मीटर अँटेनेचा ‘ब्लूबर्ड’ उपग्रह २४ डिसेंबर २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून ‘इस्रो’च्या एलव्हीएम-३ अग्निबाणाने कक्षेत नेला. भारतभूमीवरून सोडलेला तो आजवरचा सर्वांत वजनदार उपग्रह ठरला आणि त्याचे कौतुकही रास्तच झाले. वनवेबचे बहात्तर उपग्रह २०२२ आणि २०२३ साली याच अग्निबाणाने दोन खेपांत सोडले होते. तेव्हा आकाशातल्या गर्दीबद्दल परक्यांना बोल लावून मोकळे होण्याची सोय भारताला आता राहिलेली नाही. आपण या व्यवहारातले ग्राहक आहोत आणि वाहतूकदारही.

गुढीपाडव्याच्या संध्याकाळचा धडा

वर गेलेले खाली येते, हे महाराष्ट्राला कोणी पुस्तकातून शिकवण्याची गरज उरलेली नाही. जुलै १९७९ मध्ये स्कायलॅब कोसळणार म्हणून देशभर घबराट पसरली होती. ते पडले ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम भागात. २ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याच्या संध्याकाळी, विदर्भापासून उत्तर महाराष्ट्रापर्यंत लोकांनी आकाशात जळत जाणारे गोळे पाहिले आणि चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी गावी सुमारे चाळीस किलो वजनाचे, दोन-तीन मीटर व्यासाचे धातूचे कडे येऊन पडले. आसपासच्या भागात धातूचे गोळेही सापडले. कोणाला इजा झाली नाही, हे नशीब. ‘इस्रो’च्या शास्त्रज्ञांनी पाहणी केली. फेब्रुवारी २०२१ मध्ये उडालेल्या एका चिनी अग्निबाणाच्या तिसऱ्या टप्प्याचे ते अवशेष असावेत, असा निष्कर्ष अभ्यासकांनी कक्षेच्या नोंदींवरून काढला. वर्षाहून अधिक काळ तो टप्पा आकाशात घिरट्या घालत होता.

अशा प्रसंगी कायदा काय म्हणतो? १९७२ च्या आंतरराष्ट्रीय दायित्व करारानुसार अवकाशातून पडलेल्या वस्तूमुळे जमिनीवर नुकसान झाले, तर प्रक्षेपण करणारा देश पूर्णतः जबाबदार असतो. त्याची चूक सिद्ध करावी लागत नाही. जानेवारी १९७८ मध्ये सोव्हिएत संघाचा अणुभट्टी असलेला उपग्रह कॅनडात कोसळला, तेव्हा १९८१ साली तीस लाख कॅनेडियन डॉलरवर तडजोड झाली. मात्र हा हक्क सरकारांचा. लाडबोरीतल्या एखाद्या घराच्या छपरावर ते कडे पडले असते, तर घरमालकाला या करारान्वये थेट दाद मागता आली नसती. त्याच्या वतीने दिल्लीने बीजिंगकडे दावा करायचा. आणि माप दोन्ही बाजूंनी सारखेच आहे. जुलै २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर वाहत आलेला मोठा धातूचा डबा भारताच्याच पीएसएलव्हीचा टप्पा असल्याचे निष्पन्न झाले.

खोडद आणि पेंच

प्रकाश आणि कचरा यांखेरीज तिसराही एक प्रश्न आहे, आणि तो डोळ्यांना दिसत नाही. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद येथे जीएमआरटी ही जगातील अग्रगण्य रेडिओ दुर्बीण आहे. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस अँटेना दीर्घ तरंगलांबीचे अत्यंत क्षीण संकेत टिपतात. शहरी गोंगाटापासून दूर म्हणून ही जागा निवडली गेली. आता गोंगाट वरून येऊ लागला आहे. युरोपातील लोफार या रेडिओ दुर्बिणीने २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या निरीक्षणांत स्टारलिंकच्या उपग्रहांतील विद्युतयंत्रणेतून ११० ते १८८ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात अनाहूत लहरी बाहेर पडताना आढळल्या. हेतुपुरस्सर पाठवलेल्या संदेशाशी त्यांचा संबंध नव्हता. २०२४ साली त्याच दुर्बिणीला नव्या पिढीच्या उपग्रहांकडून येणाऱ्या अशा लहरी सुमारे बत्तीस पट तीव्र दिसल्या. जीएमआरटीचा एक निरीक्षणपट्टा याच कंप्रतांना व्यापतो. भारताने जानेवारी २०२४ मध्ये ‘स्क्वेअर किलोमीटर ॲरे’ या जागतिक प्रकल्पातील सहभागासाठी साडेबाराशे कोटी रुपये मंजूर केले. एका हाताने शांत आकाशासाठी पैसे मोजायचे आणि दुसऱ्या हाताने गोंगाटाला परवाने द्यायचे, यातला अंतर्विरोध निदान नोंदवला तरी गेला पाहिजे.

नागपूरजवळच्या पेंच व्याघ्र प्रकल्पाचे उदाहरण याहून बोलके आहे. जानेवारी २०२४ मध्ये त्याला देशातील पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. परिसरातल्या गावांचे पथदिवे बदलून त्यांचा उजेड जमिनीकडे वळवण्यात आला. ग्रामस्थांनी सहकार्य केले, वनखात्याने पाठपुरावा केला. जे आपल्या हातात होते ते सारे झाले. पण पेंचवरून जाणाऱ्या उपग्रहांना खाली राखीव अंधार आहे याची दखल घेण्याचे बंधन नाही. गावाने पाळायची शिस्त आणि कंपनीने पाळायची शिस्त यांत हे अंतर आहे.

परवान्यात काय नाही

आता प्रतिपक्ष. भामरागडसारखा तालुका पर्लकोटा नदीला पूर आला की जगापासून तुटतो. तेथे रुग्णाला डॉक्टरचा सल्ला आकाशमार्गे मिळणार असेल, तर सीवूड्सच्या गच्चीवरून ताऱ्यांच्या शुद्धतेची तक्रार करणे हे सुखवस्तूंचे दुःख वाटू शकते. हा आक्षेप गांभीर्याने घ्यायला हवा. गडचिरोलीची गरज खरी आहे आणि तिच्यापुढे छंदाची गैरसोय क्षुल्लक आहे. परंतु येथे निवड इंटरनेट की आकाश अशी नाहीच. मंद उपग्रहही संदेश वाहून नेतोच. वीजयंत्रणेचे आवरण सुधारले म्हणून सेवा बंद पडत नाही. या गोष्टी तंत्रज्ञानाला शक्य आहेत, त्या मागाव्या मात्र लागतात. आणि मागण्याची वेळ परवाना देण्याआधीची असते.

भारतात स्टारलिंकला दूरसंचार विभागाचा परवाना जून २०२५ मध्ये आणि ‘इन-स्पेस’ची मान्यता जुलैमध्ये मिळाली, रेडिओ लहरींचे वाटप व सुरक्षाविषयक चाचण्या बाकी असल्याने वर्षअखेरपर्यंत व्यावसायिक सेवा सुरू झालेली नव्हती. त्याआधी मे महिन्यात ‘ट्राय’ने महसुलाच्या चार टक्के शुल्काची शिफारस केली होती. केंद्राने सुरक्षेच्या कडक अटी घातल्या. ‘इन-स्पेस’च्या २०२४ च्या नियमावलीत अवकाशकचरा कमी राखण्याच्या तरतुदी आहेत. ‘इस्रो’नेही २०३० पर्यंत कचरामुक्त मोहिमांचे ध्येय जाहीर केले आहे. या सगळ्यांत पैसा आहे, सुरक्षा आहे, कचराही आहे. उपग्रहाच्या तेजाची मर्यादा आणि रेडिओ शांतता यांची चर्चा मात्र अभावानेच झाली. संयुक्त राष्ट्रांच्या अवकाशविषयक समितीने २०२५ पासून अंधाऱ्या व शांत आकाशाचा विषय आपल्या कार्यक्रमपत्रिकेवर घेतला आहे. आपल्याकडे अवकाश उपक्रमांच्या कायद्याचा मसुदा २०१७ सालापासून मसुदाच राहिला. २०२३ चे अवकाश धोरण हे धोरण आहे. न्यायालयात दाद मागता येईल असा कायदा नव्हे.

महाराष्ट्राचे इरादापत्र अजून अंतिम करार नाही. त्यामुळे काही गोष्टी मागण्यास अवधी आहे. उपग्रह सातव्या प्रतीपेक्षा तेजस्वी असू नयेत ही अट सेवेच्या करारात घालता येईल. खोडदच्या परिसरावरून जाताना प्रक्षेपण आवरते घेण्याची व्यवस्था जीएमआरटीच्या शास्त्रज्ञांशी बोलून ठरवता येईल. अमेरिकेत रेडिओ दुर्बिणींबाबत अशा समन्वयाचे प्रयोग झालेले आहेत. अवशेष कोसळण्याचा संभव असेल तेव्हा जिल्हा प्रशासनाला पूर्वसूचना मिळण्याची आणि नुकसान झाल्यास दावा दाखल करण्याची पद्धत राज्याच्या आपत्ती व्यवस्थापनात आणता येईल. यांतल्या एकाही मागणीने गडचिरोलीचे इंटरनेट एक दिवसही लांबत नाही.

आणि थोडा हिशेब सीवूड्सलाही द्यावा लागेल. २०२४ च्या पूर्वार्धात डीपीएस तलावाच्या परिसरात फ्लेमिंगो मृत व जखमी अवस्थेत सापडले, तेव्हा अडवल्या गेलेल्या भरतीच्या पाण्याबरोबरच दिव्यांच्या झगमगाटाकडेही पर्यावरणप्रेमींनी बोट दाखवले होते. आकाश उजळवणारे बहुतेक दिवे आज तरी जमिनीवरचेच आहेत आणि ते वळवण्यासाठी ना दिल्लीची परवानगी लागते, ना वॉशिंग्टनची. पेंचच्या गावांनी जे केले, ते महापालिकेला आणि गृहनिर्माण संस्थांना न जमण्यासारखे नाही. आपल्या गच्चीवरचा दिवा झाकणाऱ्या वस्तीने वरच्या दिव्यांचा जाब विचारला, तर त्या जाबाला वजन येते.

जमिनीचा सातबारा तलाठ्याकडे मिळतो. त्यावर कोणाचे नाव, कोणता बोजा हे वाचता येते. आकाशाचा असा उतारा कोणत्याच कार्यालयात मिळत नाही. त्यावरच्या नोंदी संध्याकाळी दीड तास आणि पहाटे दीड तास, उन्हाच्या शाईने उमटतात आणि पुसल्या जातात. त्या वाचणारी माणसे जितकी अधिक, तितका पुढचा परवाना देताना सरकारला त्यांचा विचार करावा लागेल. दिवाळीनंतर आकाश मोकळे होते. द्विनेत्री, घड्याळ आणि वही घेऊन खाडीकाठी बसणाऱ्यांनी निदान नोंदी ठेवायला सुरुवात करावी.